साहेब बदलले की संगणकीकरण का थांबतं?

सह्यकडा

मी जिल्हा पातळीवरच्या एका सरकारी कार्यालयात काम करते. खातं सांगत नाही, त्याने चर्चेत फरक पडणार नाही. पुढच्या महिन्यात आमच्याकडे वरिष्ठ अधिकाऱ्यांची कार्यशाळा आहे, विषय 'डिजिटल परिवर्तनात वरिष्ठांची भूमिका'. टिपण तयार करायचं काम माझ्याकडे आलंय.

आमच्याकडे घडलं ते असं. आधीच्या साहेबांनी ई-ऑफिस, म्हणजे नस्त्या (फायली) संगणकावरच हलवायची प्रणाली, मनापासून सुरू केली. जुन्या नस्त्या स्कॅन झाल्या, आवक संगणकावर नोंदली जाऊ लागली, टिपणी पडद्यावरच चढू लागली. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "महत्त्वाच्या नस्त्या प्रिंट काढून आणत जा." आता आवक दोनदा नोंदवतो, एकदा रजिस्टरमध्ये आणि एकदा संगणकावर. काम दुप्पट झालं आणि दोन्ही नोंदी अर्धवट राहतात.

कार्यशाळांमधून 'दूरदृष्टी', 'बदलाचे दूत' असले शब्द खूप ऐकले. मला ते नकोत. साहेबांच्या बदलीनंतरही टिकलं असं एखादं काम तुम्ही पाहिलंय का? आणि तिथल्या वरिष्ठाने नेमकं काय केलं होतं? खुर्चीत बसून केलेली ठोस गोष्ट सांगा.

निळाशार

मी सरकारी प्रकल्पांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच अंदाज येतो. साहेब स्वतः लॉगिन करतात की त्यांचा पासवर्ड स्वीय सहायकाकडे आहे, एवढंच बघायचं. डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे सहीसाठी संगणकाला लावायचं छोटं यंत्र, साहेबांच्या कपाटात असेल तर प्रकल्प चालतो. तो ऑपरेटरच्या खणात असेल तर प्रकल्प तर बुडतोच, शिवाय उद्या एखादी खोटी सही झाली तर नोकरी साहेबांचीच जाते.

रमाकाकू

निळाशार, अगदी खरं. मी मंत्रालयात बरीच वर्षं काढली. सचिव स्वतः पडद्यावर शेरा लिहितात हे कळलं की उपसचिव आठवड्याभरात शिकतात आणि कक्ष अधिकारी दोन दिवसांत. परिपत्रक काढायची वेळच येत नाही.

गावनमुना

मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सह्यकडा ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, सातबारा. जरा लांबण लावतो, पण ते काम मी आतून पाहिलंय.

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे. पिढ्यान्पिढ्या हाताने लिहिलेले. कुठे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये बदलताना चुकलेलं, कुठे पोटखराब्याचा (लागवडीला अयोग्य भागाचा) मेळ नाही, कुठे आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सातबाऱ्यावरच्या क्षेत्राची बेरीज जुळत नाही, कुठे मयताचं नाव तसंच. कागदावर हे खपून जायचं, कारण बेरीज कोणी मारून बघत नव्हतं. संगणकात भरलं आणि सगळं उघडं पडलं. केंद्राचा भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा कार्यक्रम २००८ चा. आमच्याकडे ई-फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची संगणकावरची नोंद, गावोगावी पोचेपर्यंत पुढची बरीच वर्षं गेली, आणि त्यातला मोठा वेळ या चुका निस्तरण्यात गेला.

वरिष्ठांचं काम दिसलं ते इथे. पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने (राज्याचे जमिनीचे अभिलेख याच्याच अखत्यारीत) 'चुका तलाठ्याने केल्या, तलाठी बघून घेईल' अशी भूमिका घेतली नाही. दुरुस्तीसाठी आधी एडिट आणि मग री-एडिटची सोय दिली. कोणत्या गावात कोणती विसंगती आहे याचे ओडीसी अहवाल तलाठ्याच्या हातात दिले. २०१७ मध्ये चावडी वाचन लावलं. संगणकावरचा सातबारा गावात मोठ्याने वाचायचा आणि खातेदारांनी उभं राहून हरकत सांगायची. त्यानंतर तलाठी ते तहसीलदार सगळ्यांकडून घोषणापत्रं घेतली, की या गावाचा अभिलेख तपासला, हस्तलिखिताशी जुळला. डिजिटल सहीचा सातबारा लोकांना मिळू लागला तो त्यानंतर, १ मे २०१८ ला. आधी साफसफाई, मग उद्घाटन. हा क्रम सरकारात फार क्वचित पाळला जातो.

एस. चोक्कलिंगम साहेब त्या काळात जमाबंदी आयुक्त होते आणि चांगली काही वर्षं त्याच खुर्चीवर राहिले. खाली राज्य समन्वयक म्हणून उपजिल्हाधिकारी दर्जाचे रामदास जगताप साहेब होते. तलाठ्याची अडचण त्यांच्यापर्यंत पोचायची आणि उत्तरही यायचं. आमच्यासारख्या खालच्या माणसाला वर कोणीतरी ऐकतंय हे कळणं फार मोठं असतं.

पण दुसरी बाजूही लिहितो. सुरुवातीला अनेक तलाठ्यांनी लॅपटॉप पदरच्या पैशाने घेतले. दिवसा सर्व्हर हलत नसे म्हणून रात्री जागून नोंदी घेतल्या. संघटनांना आंदोलनं करावी लागली, तेव्हा कुठे साधनांचा प्रश्न सुटू लागला. टिपणात हे नक्की लिहा. वरच्याने तारीख ठरवायच्या आधी खालच्याच्या हातात यंत्र आहे का, एवढं तरी विचारावं.

कोरडवाहू

गावनमुना काका, तुम्ही मनापासून लिहिलंय, पण शेतकऱ्याच्या बाजूनं पण बघा. आमच्या हस्तलिखित सातबाऱ्यावर माझ्या आईचं नाव होतं. ऑनलाइनवर गायब. चावडी वाचनाला आम्ही गावात नव्हतो, उसतोडीला गेलेलो. दुरुस्तीचा अर्ज केला तर जुन्या फेरफाराची नक्कल आणा म्हणाले. नक्कल अभिलेख कक्षात, आणि तिथं गठ्ठा सापडत नाही. तोवर पीककर्जाची मुदत गेली.

चूक भरली त्यांनी, पुरावा आणायचा आम्ही. तालुक्यात काम शंभर टक्के पूर्ण झाल्याचा फलक लागला त्याच आठवड्यात मी तिथं रांगेत उभा होतो. साहेब लोकांना वर जो आकडा दिसतो त्यात माझी रांग कुठं असते?

विधिज्ञ

कोरडवाहू, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १५५ लेखनप्रमादाच्या (लिहिण्यातल्या चुकीच्या) दुरुस्तीसाठीच आहे. हस्तलिखितावर नाव असून संगणकीकृतवर नसेल तर ती सरळ या कलमात बसणारी बाब आहे. जुना सातबारा हाच मुख्य पुरावा, आणि तो कार्यालयाच्याच ताब्यात असतो. अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि पोच घ्या.

मूळ प्रश्नाबद्दल. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा राज्यात आहे. त्यात पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षं धरलाय. त्याच कायद्यात नस्ती साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांहून जास्त एका टेबलावर राहू नये असंही आहे. सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सनदी अधिकाऱ्यांना निश्चित कालावधी द्या आणि नागरी सेवा मंडळं नेमा असे आदेश दिले. कायद्यातच अपवादाची वाट आहे आणि व्यवहारात त्या वाटेनेच जास्त रहदारी होते. तेव्हा 'साहेब बदलले की थांबतं' याचं पहिलं कारण, साहेब बदलतात फार लवकर.

ठाकठोक

मला हे पटत नाही. पाच-पाच वर्षं एका खुर्चीत बसून काहीही न करणारे अधिकारी मी पाहिलेत. आणि सहा महिन्यांत गेलेल्या माणसाची पद्धत वीस वर्षं चालू राहिलेलीही पाहिली आहे. सगळं कालावधीवर ढकलणं सोपं आहे.

माझं उदाहरण सेवार्थ प्रणाली. राज्य कर्मचाऱ्यांचा पगार त्यातून निघतो. कुणी प्रेरणादायी भाषण दिलं म्हणून ती चालली नाही. देयक सेवार्थमधून आलं नाही तर कोषागार घेणार नाही, एवढं ठरलं आणि सगळ्या आहरण-संवितरण अधिकाऱ्यांनी (कार्यालयाची देयकं काढणाऱ्यांनी) निमूट माहिती भरली. त्यानंतर किती वित्त सचिव आले-गेले. कोणी म्हणालं का, की चला, परत हाताने पगारपत्रक करू?

नवी विहीर खणली तरी जुनीवरचा रहाट तसाच ठेवला तर लोक जुनीवरच पाणी भरणार. सह्यकडा, तुमच्या आधीच्या साहेबांनी आवक रजिस्टर बंद केलं होतं का? नसेल तर त्यांच्या जाण्याआधीच ते काम अर्धवट होतं.

सह्यकडा

नाही केलं. दोन्ही चालू होतं, 'सवय होईपर्यंत'. ती सवय झालीच नाही. ठाकठोक, प्रश्न बरोबर जागी लागला.

बेळगावी

ठाकठोक यांचं म्हणणं आमच्या भागात खरं ठरलंय बघा. कर्नाटकात भूमी प्रकल्प झाला, २००० च्या आसपास. सुमारे २ कोटी उतारे संगणकावर घेतले. तालुक्याच्या ठिकाणी खिडकी उघडली, १५ रुपये भरायचे आणि उतारा घ्यायचा. एका तालुक्यात खिडकी सुरू झाली की तिथला हाताने लिहिलेला उतारा बेकायदा. ग्रामलेखापालाच्या (तिकडच्या तलाठ्याच्या) हातात उतारा द्यायचा अधिकारच राहिला नाही. आमचे वडील सांगायचे, उताऱ्यासाठी त्याच्या घरी किती वेळा जायचं आणि काय काय द्यायचं, सगळं संपलं.

आणखी एक. फेरफाराचे अर्ज आले त्या क्रमानेच निघणार, अशी रचना सॉफ्टवेअरमध्येच केली. मागचा अर्ज पुढे घ्यायचा तर कारण राहायलाच पाहिजे. आणि लॉगिनला बोटाचा ठसा, म्हणजे कुणी नंतर 'मी केलंच नाही' म्हणू शकत नाही.

पण विधिज्ञ साहेबांचं पण खरं. राजीव चावला नावाचे अधिकारी त्या प्रकल्पाशी खूप वर्षं जोडलेले राहिले. पद वाढलं तरी प्रकल्प हातात राहिला. दोन्ही लागतं की. जुनी वाट बंद करायचं धाडस पण, आणि ती बंद केल्यावर लोक ओरडतात तेव्हा समोर उभं राहायला तोच माणूस पण.

निळाशार

बेळगावी +१. 'ओरडतात तेव्हा समोर उभं राहायला' हे फार महत्त्वाचं. नवी प्रणाली सुरू झाल्यावर सुरुवातीचे महिने तक्रारीच येतात. त्याच काळात वरचा माणूस बदलला तर नव्या माणसासमोर फक्त तक्रारींचा ढीग असतो. निर्णय का घेतला होता हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मग तो साहजिकच म्हणतो, तात्पुरतं जुन्या पद्धतीने करा.

टेम्सकाठ

लंडनहून. इथेही हेच झालंय, तेही फार मोठ्या रकमेच्या प्रकल्पात. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे सहा वेगवेगळे सरकारी भत्ते एकत्र करण्याची योजना. ब्रिटिश सरकारात प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला एक नामनिर्देशित वरिष्ठ जबाबदार अधिकारी असतो. प्रकल्प फसला तर संसदेच्या समितीसमोर उत्तर द्यायला त्यालाच बोलावतात. पण २०१३ मध्ये इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला तेव्हा दिसलं, की २०१२ च्या मध्यापासून या प्रकल्पावर असे पाच जबाबदार अधिकारी होऊन गेले होते. २०१३ मध्येच प्रकल्प थांबवून नव्याने आखावा लागला, आणि केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या बऱ्याच खर्चावर पाणी सोडावं लागलं.

त्याच सरकारात त्याच काळात गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस २०११ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये खात्याखात्यांची संकेतस्थळं एका ठिकाणी आणायला सुरुवात झाली. ते जमलं. कारण फ्रान्सिस मॉड हे मंत्री त्यामागे सलग काही वर्षं ठाम होते, माइक ब्रॅकनसारखा काम जाणणारा प्रमुख होता, आणि नको तो खर्च रोखायचा अधिकार त्यांच्या हातात होता. नुसतं मार्गदर्शन करणारी समिती असती तर खात्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

कोरडवाहू

चहा पाजून परत पाठवायची पद्धत तिकडं पण आहे वाचून बरं वाटलं. :)

रमाकाकू

थोडं जुनं सांगते. संगणकाच्या आधीचं, पण विषयाला धरून.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयाची मांडणीच बदलली. कोणी कुठे बसायचं, आलेल्या माणसाने कुठे विचारायचं, कागद कुठे ठेवायचा, सगळं. प्रत्येक लिपिकाच्या कागदांचे सहा गठ्ठे. चालू कामाचा एक, उत्तराची वाट बघणाऱ्या प्रकरणांचा एक, नियतकालिक विवरणांचा, स्थायी आदेशांचा, अभिलेख कक्षात पाठवायचा आणि नष्ट करायचा. जपायच्या मुदतीप्रमाणे कागदांचे वर्ग, अ वर्ग कायम जपायचा, ड वर्ग वर्षभराने काढून टाकायचा. लिपिक रजेवर असला तरी शेजारचा माणूस दोन मिनिटांत कागद काढून देऊ शकतो. 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेलं. आजही दप्तर तपासणीला साहेब आले की विचारतात, सहा गठ्ठे केलेत का?

चाळीस वर्षांत किती जिल्हाधिकारी बदलले असतील. तरी ते टिकलं, याचं कारण मला वाटतं, त्याने लिपिकाचं काम सोपं झालं. कागद सापडत नाही म्हणून बोलणी खाणारा लिपिकच असतो. त्याला त्यात स्वतःचा फायदा दिसला.

उलट २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावरून वर पसरली, माणसं दगावली, असंख्य नस्त्या गेल्या. नंतरचे दिवस विसरता येत नाहीत. ज्याच्याकडे ज्या पत्राची प्रत आहे ती मागून नस्त्या पुन्हा उभ्या केल्या जात होत्या. तेव्हा माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव राजेश अग्रवाल होते. ई-ऑफिसला खरा जोर तेव्हा आला, कारण कागदावर विसंबून राहणं म्हणजे काय हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दुःखाचा जोर फार दिवस पुरत नाही. पुढे ज्या विभागांत सचिव स्वतः वापरत होते तिथे ते राहिलं, बाकी ठिकाणी कागद परतला.

ठाकठोक

रमाकाकू, लखिनांचं उदाहरण आणलंत ते फार बरं केलंत. यंत्र नसताना सुधारणा होते, हे आजच्या कार्यशाळांमध्ये कोणी बोलत नाही. विस्कळीत दप्तर स्कॅन केलं तर विस्कळीत पीडीएफ मिळतात.

मध्यरात्र

सगळे अधिकाऱ्यांचं कौतुक करताय. तुकाराम मुंढेंसारखा माणूस काम करतो तर त्याच्या बदल्या वीसच्या पुढे गेल्या. पीएमपीएमएल (पुण्याची बससेवा), नाशिक, नागपूर, कुठेच धड एक वर्ष मिळालं नाही. राजकारण्यांनाच बदल नको असतो. विषय संपला.

रमाकाकू

मध्यरात्र, विषय असा संपत नाही हो. बदल्यांचा अन्याय खरा आहे. पण 'एकटा लढणारा अधिकारी' हीच कल्पना मला नकोशी वाटते. तो गेला की त्याच्या खालची माणसं जशी होती तशीच राहतात. चंद्रकांत दळवी पुण्याचे विभागीय आयुक्त असताना त्यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम राबवली. आधी दप्तर लावायचं, जुनी प्रकरणं निकाली काढायची आणि मग रोजचं काम रोज. ती शासनाने पुढे राज्यभर घेतली. त्यांनी हे अव्वल कारकुनापासून सगळ्यांना सोबत घेऊन केलं. बातम्या कमी झाल्या, काम जास्त झालं.

ठाकठोक

शिवाय २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम बघा. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, दोन अपिलं खात्यातच, पुढे आयोग, आणि कसूर झाली तर ५०० ते ५,००० रुपये शास्ती. मुख्यमंत्री बदलले, मुख्य सचिव बदलले, कायदा तिथेच आहे. व्यक्तीपेक्षा असं बांधून ठेवणं महत्त्वाचं.

विधिज्ञ

मान्य, पण अर्धंच. कायदा आहे, तरी अनेक कार्यालयांत दर्शनी भागात सेवांचा फलकसुद्धा लागलेला नसतो. तो लागलाय का, हे तपासायला फिरणारा वरिष्ठ लागतोच.

पाटीपेन्सिल

जरा आडवा प्रश्न. आमच्या कार्यालयात जुनी पत्रं संगणकावर आहेत पण उघडली की नुसती चिन्हं दिसतात. श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये टंकलेली. शोधता येत नाहीत. यावर काही उपाय?

निळाशार

पाटीपेन्सिल, फाँट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणूस लागतो. आडवा प्रश्न नाही हा, याच धाग्याचा आहे. एकेकाळी आख्खं सरकार असं टंकत होतं. मजकूर छापला की सुंदर, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोड वापरा असे आदेश कधीच निघालेत. तरी टंकलेखकाने टंकयंत्रावर रेमिंग्टनचा कळफलक शिकलेला, परीक्षाही त्यावरच दिलेली. त्याला इन्स्क्रिप्ट (युनिकोडसाठीचा कळफलक) शिकायला वेळ कोणी दिला? वेग निम्म्यावर येतो त्या महिन्यांत साहेबांनी त्याला सांभाळून घेतलं तर तो शिकतो. 'पत्र अजून का नाही झालं' म्हणून ओरडले तर तो गुपचूप जुन्या फाँटवर जातो.

गावनमुना

निळाशार, हे सगळ्या बदलांना लागू आहे. शिकणाऱ्याचा वेग आधी कमीच होतो. आम्हाला फेरफाराची मुदत तीच, नमुना ९ च्या (फेरफारावर हरकत मागणाऱ्या) नोटिशीचे १५ दिवस तेच, गावकऱ्यांची गर्दी तीच, आणि वर नवी प्रणाली शिका. ज्या तहसीलदारांनी त्या काळात इतर बैठका कमी केल्या, निवडणुकीच्या आणि टंचाईच्या कामात तलाठ्यांना आळीपाळीने मोकळं ठेवलं, त्यांचे तालुके आधी पूर्ण झाले. हे कुठल्या अहवालात येणार नाही, पण मी शेजारशेजारच्या तालुक्यांत हा फरक पाहिलाय.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो घेऊन नोंद करायची. कल्पना चांगली. आमच्यातले काही जण पीक पाहणी गावात न जाताच लिहायचे, हे नाकारत नाही. पण साध्या फोनच्या शेतकऱ्याचं काय, डोंगराआड जिथे रेंज नाही तिथे काय, हे पहिल्या हंगामात खालूनच वर कळवावं लागलं. मुदती वाढवल्या, राहिलेल्यांच्या नोंदीसाठी तलाठ्याची सोय ठेवली. वरच्यांनी ऐकलं म्हणून ते पुढे चाललं.

कोरडवाहू

हे बरोबर. आमच्या इथं पोरं सगळ्या आळीची नोंद करून देतात. मला सुधारणा नको आहे असं नाही. डिजिटल सातबारा घरबसल्या १५ रुपयांत निघतो, तलाठ्याची वाट बघावी लागत नाही, मोठी गोष्ट आहे. माझी मागणी एकच. ज्या दिवशी वरचे साहेब 'पूर्ण' म्हणून सही करतात, त्या दिवशी त्यांनी दुरुस्तीच्या प्रलंबित अर्जांचा आकडा त्याच कागदावर लिहावा.

सह्यकडा

कोरडवाहू, ही मागणी मी टिपणात जशीच्या तशी घेणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

आता आमच्या कार्यालयाबद्दल. नव्या साहेबांशी बोलले. ते बदलाच्या विरोधात अजिबात नाहीत. आधीच्या साहेबांनी कोणते निर्णय का घेतले, कोणत्या नस्त्या फक्त ई-ऑफिसमध्येच आहेत, डिजिटल सही कुठे कुठे लागते, यातलं काहीच त्यांना कार्यभार घेताना मिळालं नव्हतं. कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर वाहन, दालन, कपाटाच्या किल्ल्या सगळं होतं, प्रणालीबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून कार्यभार हस्तांतरणातच चालू प्रणालींचं एक पान सक्तीचं करावं, असं मी मांडणार आहे. दुसरं, येत्या एक तारखेपासून आवक रजिस्टर बंद करायला साहेब तयार आहेत, पण ते विचारतायत की वीज गेली, सर्व्हर बंद पडला तर काय. गावनमुना काका, तुमच्याकडे हस्तलिखित बंद करताना हे कसं केलं होतं?

गावनमुना

हरकत-नोटिशीची मुदत चालू असलेली प्रकरणं आधी जुन्या पद्धतीने संपवून घेतली, अर्ध्यावर हलवली नाहीत. मग शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ, तारीख आणि तहसीलदारांची सही, म्हणजे मागची तारीख टाकून कोणी नवी ओळ घुसवू नये. तुमच्या आवक रजिस्टरलाही तसंच करा. रेघ साहेबांनी स्वतः, सगळ्यांसमोर मारावी आणि रजिस्टर त्याच दिवशी अभिलेख कक्षात जमा करावं. टेबलावर ठेवलं तर पुन्हा उघडतं.

रमाकाकू

आणि सर्व्हर बंद असेल तेव्हासाठी सुटे पोच-फॉर्म छापून ठेवा, अनुक्रमांक घातलेले. सर्व्हर आला की त्याच दिवशी नोंद करायची आणि फॉर्मवर संगणकाचा आवक क्रमांक लिहायचा. फॉर्म किती वापरले ते आठवड्याला साहेबांनी बघावं. आकडा वाढत असेल तर तक्रार सर्व्हरवाल्यांकडे न्यायची, लिपिकाला बोलायचं नाही.

सह्यकडा

रेघ आणि फॉर्म, दोन्ही घेते. फॉर्मचा नमुना उद्या इथेच टाकते, काही राहिलं असेल तर सांगा.